चंदेरीखालचा हिरवा

पुण्यातल्या एका संस्थेच्या आवारात चबुतऱ्यावर मिग-२१ हे जुनं लढाऊ विमान उभं आहे. एफएल जातीचं, म्हणजे आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात जे बनायचं ते. मोठे पाहुणे येणार म्हटलं की त्यावर चंदेरी ऑइलपेंटचा हात फिरतो. गणपतीनंतर आम्हाला निरोप आला, "मूळ रंगात आणून द्या."

आधी पोट तपासलं. पाणी निथळायची छिद्रं पेंटरने लांबी (पुट्टी) भरून बुजवलेली. लाकडी काडीने उकरली तर काळपट पाण्याची धार लागली. ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यात पोलादी बोल्ट आणि साठलेलं पाणी: बोल्टाभोवती पत्रा पांढरी पूड होऊन फुगतो. तारेचा ब्रश इथे चालत नाही, पोलादाचे कण पत्र्यात रुतून गंजतात. नायलॉनचाच घ्यायचा.

नाकातला शंकू आणि शेपटीचं टोकही चंदेरी केलेलं! शंकूत रडार असतं, टोकात अँटेना. चंदेरी रंग म्हणजे ॲल्युमिनियमची पूड, लहरी अडवणारी; ती रडारच्या तोंडावर कोण फासेल? हे भाग हिरवे असायचे.

मग रंगाची खिडकी, म्हणजे खालचे थर दिसावेत म्हणून घासून उघडलेला छोटा तुकडा. रंग काढायचा रिमूव्हर टाळला, कारण तो सांध्यात शिरतो, धुऊन निघत नाही आणि पुढे नवा रंग तिथूनच सुटतो. पंखाच्या मुळाशी, ऊन न लागणाऱ्या जागी, रुपयाएवढा गोल ६०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी सोडत घासला. धातू जवळ आला की १००० नंबर आणि हलका हात, कारण पत्र्यावरचा शुद्ध ॲल्युमिनियमचा थर फार पातळ असतो. झाडाच्या खोडासारखी वलयं उमटली. चंदेरीचे सात थर, त्याखाली गडद हिरवा, मग थेट धातू.

हिरव्यावर ब्रशचे ओरखडे, खाली अस्तर नाही, चाकाच्या कप्प्यात हिरव्याचा थेंबही नाही. घाईचं काम. ही विमानं आधी उघड्या धातूची होती आणि १९७१ च्या युद्धात अनेकांवर घाईघाईने हिरवा चढवला गेला. हा तोच, की चबुतऱ्यावर आल्यावर कुणा हौशी पेंटरने मारलेला? हिरव्या आणि पहिल्या चंदेरीच्या मधे धुळीची बारीक रेघ आहे. ती हवाई तळावरची की आवारातली, हे अजून डोक्यातून जात नाही. आणि मूळ म्हणायचं तरी कशाला, धातूला की हिरव्याला?

संस्थेच्या समितीने पाच मिनिटांत चंदेरी मंजूर केला, "फोटोत चमकतो." शंकू आणि टोक तेवढे भांडून हिरवे करून घेतले. ती खिडकी क्लिअर कोट मारून राखली आणि शेजारी लिहिलं: इथे रंगवू नये.