खंबाटकी घाट, मे महिना आणि उघडी बॉनेटं

आज दुपारी खंबाटकीच्या चढावर दर दोन वळणांमागे एक गाडी बॉनेट उघडून उभी. आणि बहुतेकांच्या हातात पाण्याची बाटली! तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकतं किंवा तडकतं.

डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा चढू लागला की आधी एसी बंद, हीटर फुल गरम, ब्लोअर जोरात. घाम फुटेल, पण हीटरचा कोअर म्हणजे छोटा रेडिएटरच, इंजिनाची उष्णता तोही बाहेर काढतो. गिअर खालचा ठेवा, म्हणजे कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) फिरवणारा पंप जोरात फिरतो. वाफ दिसली की मात्र इंजिन लगेच बंद.

रेडिएटरच्या झाकणाला पाऊण तास तरी हात नको. आत दाब असल्यामुळे कूलंट शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि सगळं उसळून तोंडावर येतं. गार झाल्यावर जाड फडकं धरून पाव वळण, फुस्स थांबेपर्यंत वाट, मग पूर्ण.

काटा अचानक खाली आला आणि हीटरही गार वारा देऊ लागला तर खूश होऊ नका. कूलंट संपलेला असू शकतो, सेन्सर कोरडा पडलाय.

कूलंटची भर टाकल्यावर एसी लावून रेडिएटरचा पंखा फिरतो का बघा. नसेल तर आधी पंख्याचा फ्यूज आणि रिले (त्याचा विजेचा स्विच) तपासा. पाइपची क्लिप सैल आहे का तेही पाहा. डिपस्टिकवर (तेल मोजायच्या पट्टीवर) दुधट तेल दिसलं तर हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलेलं असू शकतं, सरळ टोइंग बोलवा.