किनाऱ्यावरच्या स्वयंपाकघरासाठी भांडी निथळायचा रॅक

रॅक घ्यायला गेलं की दुकानात बहुतेकांची नजर कप्प्यांवर जाते. ताटं किती मावतील, चमच्यांना वेगळा डबा आहे का, कपांना हूक आहेत का. हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत समुद्राजवळ कुठेही घर असेल तर त्याआधी दोन गोष्टी बघाव्यात: भांड्यांवरचं पाणी शेवटी जातं कुठे, आणि रॅकचे सांधे कसे आहेत. या दोन्हींत खोट असेल तर रॅक कितीही ऐसपैस असो, एका पावसाळ्यात तांबूस डाग धरतो आणि खालच्या ट्रेला बुळबुळीत थर येतो.

आधी धातू. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अगदी पातळ थर असतो, तो खरवडला गेला तरी हवा लागताच पुन्हा धरतो. खाऱ्या हवेतलं क्लोराइड हा थर जागोजागी फोडतं. उघड्या तारेवर तो भरून येतो. दोन तारांच्या फटीत, रॅकच्या पायांच्या रबरी बुटाखाली, प्लास्टिकच्या टोपणात पाणी अडकून राहतं, हवा पोचत नाही, आणि गंज तिथूनच सुरू होतो. म्हणून रॅक उलटा करून बघावा. प्रत्येक जोडावरून बोट फिरवावं. खरखर लागली किंवा निळसर-तपकिरी जळका पट्टा दिसला तर तो रॅक घेऊ नये. वेल्डिंगच्या उष्णतेनं तिथलं क्रोमियम कमी झालेलं असतं आणि पहिला डाग तिथेच उमटतो.

‘एसएस’ (स्टेनलेस स्टील) एवढं ऐकून समाधान मानू नये, ग्रेड विचारावा आणि तो बिलावर लिहून घ्यावा. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 202 मध्ये निकेल 4 ते 6 टक्के, बाकीची भर मँगनीजनं काढलेली. आतल्या गावात 202 चालून जातं, किनाऱ्यावर त्याला लवकर ठिपके पडतात. 316 मध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असल्यामुळे ते मिठाला सर्वांत चांगलं तोंड देतं, पण महाग पडतं. घर अगदी वाळूला लागून असेल तरच तो खर्च करावा. लोहचुंबक लावून बघायची पद्धत इथे अर्धीच उपयोगी आहे. चुंबक घट्ट चिकटला तर ते लोखंड किंवा 430 च्या जातीचं स्टील. न चिकटला तर 202 की 304 हे त्यावरून कळत नाही. उलट 304 ची ओढून बारीक केलेली तारही चुंबकाला थोडी ओढ देते, तेवढ्यावरून ती नाकारू नये.

क्रोम मुलामा दिलेला किंवा रंगीत प्लास्टिकचं आवरण चढवलेला लोखंडी रॅक स्वस्त मिळतो. इथे तो घेऊ नये असं स्पष्टच सांगायला हवं. ताटाच्या काठानं आवरणाला चीर पडते, आत पाणी शिरतं आणि आवरणाखालून तार फुगत जाते. बाहेर दिसेपर्यंत आत पोखरलेली असते. बांबूचा रॅक जून ते सप्टेंबर बुरशी धरतो. स्टीलचं बजेट नसेल तर साध्या प्लास्टिकचा घ्यावा. खाली त्रिकोणात 5 हा आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन, गरम पाणी सोसणारं. फक्त तो मागील दारी उन्हात ठेवू नये, उन्हानं प्लास्टिक ठिसूळ होऊन दांडे मोडतात.

स्टीलमध्येही पोकळ पाईपचा रॅक टाळावा. पाईपच्या टोकाला प्लास्टिकचं टोपण असतं, ते सैल झालं की पाणी आत जातं ते बाहेर येत नाही. भरीव सळईचा रॅक जड लागतो, पण आतून सडायला त्यात काही नसतंच. चौकटीला 5 ते 6 मिलिमीटर आणि आडव्या तारांना किमान 3 मिलिमीटर जाडी असावी. चांगला तयार रॅक मिळाला नाही तर फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेता येतो. त्याला आर्गन वेल्डिंग करायला आणि 304 साठी 308 ची फिलर (जोडात वितळवून भरायची तार) वापरायला सांगावं. वेल्डिंगचे डाग पिकलिंग पेस्टनं (स्टील साफ करायची आम्लाची पेस्ट) काढून भरपूर पाण्यानं धुऊन घ्यावेत. लोखंडाच्या ग्रिलवर चालवलेली ग्राइंडिंगची चकती स्टीलवर चालवू देऊ नये. तिच्यातले लोखंडाचे कण स्टीलमध्ये रुततात आणि चांगलं 304 देखील गंजल्यासारखं दिसतं.

आता मापं. दुकानात जाताना घरातलं सर्वांत मोठं ताट आणि सर्वांत लहान वाटी पिशवीत घालून न्यावी. बाजारातले पुष्कळ रॅक सपाट, उथळ प्लेटांसाठी बनवलेले असतात. त्यांच्या दांड्यांमध्ये जेमतेम 2 सेंटिमीटर जागा असते. आपल्या जेवणाच्या ताटाचा काठच तेवढा उंच. असं ताट त्यात बसतं, पण शेजारच्या ताटात घुसतं, आणि दोघांच्या मधलं पाणी सकाळपर्यंत तसंच. दांड्यांमध्ये 3.5 ते 4 सेंटिमीटर अंतर हवं, आणि 30 सेंटिमीटरच्या ताटाला दांडा 10 सेंटिमीटर तरी उंच हवा, नाहीतर ताट कलंडतं. ताट ठेवताना आतली बाजू किंचित खाली झुकलेली असावी. स्टीलच्या ताटाचा काठ बाहेर वळवलेला असतो आणि त्या वळीत पाणी दडून बसतं. पुसलेलं ताट मांडणीवर ठेवल्यावर खाली थेंब दिसतो तो तिथला.

वाटीचं गणित उलटं आहे. तिला मोकळी जागा नको, आधार हवा. तळाच्या तारांमध्ये 4 सेंटिमीटर अंतर असेल तर लहान वाटी डुगडुगते. 2 ते 2.5 सेंटिमीटर असावं. सपाट ट्रेवर पालथी घातलेली वाटी आणि पेला आतल्या दमट हवेला कोंडून ठेवतात, त्यामुळे भांडं आतून ओलंच राहतं आणि मासे शिजवले असतील तर वासही राहतो. वाटीच्या बुडाला खोलगट गोल असतो, पालथी घातल्यावर त्यात वेगळं तळं साचतं. एक कड तारेवर टेकवून वाटी तिरकी ठेवली की दोन्ही प्रश्न सुटतात.

दोन मजली रॅकमध्ये वरचं पाणी खालच्या भांड्यांवर पडतं. जागा असेल तर एकमजलीच घ्यावा. दुमजलीच असेल तर आधी वरचा मजला भरावा, तो निथळला की खालचा.

ट्रेला उतार नसेल तर बाकी सगळं फुकट. 40-45 सेंटिमीटर लांबीला 8 ते 10 मिलिमीटर उतार पुरतो. सिंकपासून लांबच्या कोपऱ्यात फुलपात्रभर पाणी ओतावं; थारोळं राहिलं तर मागच्या पायांखाली रबराचे तुकडे द्यावेत. ट्रेचं तोंड सिंकच्या कडेपुढे 2-3 सेंटिमीटर आलेलं असावं, नाहीतर पाणी तोंडाखालून मागे वळून ओट्यावर पसरतं. ओटा कडाप्प्याचा असेल तर ट्रेचं पांढरं किटण काढायला लिंबू किंवा व्हिनेगर ओट्यावर सांडू देऊ नये. कडाप्पा हा चुनखडक, आंबट पदार्थानं त्याची झिलई जाते.

भिंतीवरचा रॅक सिंकच्या थेट वर लावला तर ट्रेची गरजच उरत नाही, पाणी सरळ सिंकमध्ये. पण आपल्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीत तो टिकवणं हे वेगळं काम आहे. जांभा सच्छिद्र आणि भुसभुशीत. ड्रिलचा हॅमर (ठोके देत भोक पाडायची सोय) चालू ठेवून ड्रिल केलं की भोक मोठं होतं आणि प्लग गरगर फिरतो. हॅमर बंद करून भोक पाडावं. प्लास्टरच दीड-दोन सेंटिमीटर जाड असतं, म्हणून दीड इंची स्क्रूचा चिऱ्यात जेमतेम निम्मा भाग जातो. 3 ते 4 इंची स्क्रू आणि तेवढाच लांब प्लग घ्यावा. भोक ढिलं झालंच तर केमिकल अँकर (भोकात भरल्यावर घट्ट होणारा चिकट लेप) भरावा. लाकडी गुटका ठोकायची जुनी रीत ओलीनं कुजते. स्क्रूही 304 चे हवेत, आणि पावसाची झड खाणारी भिंत टाळावी.

बिडाचा तवा, विळी, खवणी रॅकवर नको. त्यांचं तांबडं पाणी स्टीलवर उतरतं आणि गंज रॅकचाच वाटतो. तवा गॅसवर तापवून तेलाचा हात फिरवून वेगळा ठेवावा. अल्युमिनियमचे टोप ओल्या स्टीलला तासन्‌तास टेकून राहिले तर टेकलेल्या जागी काळे पडतात. लाटणं आणि करवंटीची डवली उभीच सुकवावी.

खाडीकाठच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. त्या दिवसांत भांडी धुवायला ते पाणी वापरलं तर शेवटचा हात गोड्या पाण्याचा द्यावा, रॅकवरूनही. पावसाळ्यात शेवटचं विसळणं कढत पाण्यात करावं. तापलेलं स्टील स्वतःच्या उष्णतेनं सुकतं, आणि कधीच न वाळणाऱ्या फडक्याचा कुबट वास भांड्यांना लागत नाही. रॅक आठवड्यातून एकदा साबणानं घासावा, ट्रे दर दोन दिवसांनी. लोखंडी तारेची घासणी आणि ब्लीच दोन्ही वर्ज्य. तांबूस ठिपके दिसले तर खायच्या सोड्याची ओली पेस्ट आणि मऊ स्पंज पुरतो.

गणपतीतल्या मोठ्या टोपांसाठी मोठा रॅक घेऊ नये, तो वर्षभर ओटा अडवतो. आंब्याचे प्लास्टिक क्रेट घरात असतातच. स्वच्छ धुतलेला क्रेट मोरीत उलटा घालावा आणि त्यावर टोप पालथे, एका बाजूनं उचलून.