न्यायमूर्ती निवडून देताना

अमेरिकेतल्या आमच्या विस्कॉन्सिन राज्यात राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती मतदार निवडून देतात. पुण्याच्या आत्याला हे सांगितलं तेव्हा तिला ते पटेचना. आत्या जिल्हा न्यायालयात बेंच क्लार्क होती. न्यायाधीशांनी लग्नसमारंभातसुद्धा वकिलांपासून अंतर राखून बसावं, असल्या शिस्तीत तिची नोकरी गेली. "अगं, म्हणजे न्यायाधीश मतं मागत फिरतो?" फिरतो, आत्या. टीव्हीवर जाहिराती करतो, देणग्या घेतो, शेरीफ मंडळींना, म्हणजे इथल्या स्थानिक पोलीसप्रमुखांना, शेजारी उभं करून फोटो काढतो.

अमेरिकेत फेडरल, म्हणजे केंद्राच्या, न्यायाधीशांना राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देते आणि ते तहहयात राहतात. राज्यांची न्यायालयं मात्र ज्या त्या राज्याच्या घटनेप्रमाणे चालतात. टेक्सासमध्ये न्यायमूर्तींच्या नावापुढे पक्ष छापलेला असतो. मिझुरीने 1940 मध्ये वेगळी पद्धत आणली : समिती नावं सुचवते, गव्हर्नर त्यांतून एक नेमतो आणि पुढे मतदारांना एवढंच विचारतात, यांना ठेवायचं की नाही? आमच्याकडे सात न्यायमूर्ती, दहा वर्षांची मुदत आणि निवडणूक एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी. एका वर्षी एकच जागा भरायची, असं राज्यघटनेतच आहे. मध्येच जागा रिकामी झाली तर गव्हर्नर कुणाला तरी नेमतो, पण त्या माणसालाही पुढे मतदारांसमोर यावंच लागतं.

नागरिकत्व मिळाल्यापासून मी मतदान केंद्रावर काम करते. मतदार येतो, नाव आणि पत्ता मोठ्याने सांगतो, ओळखपत्र दाखवतो, यादीत सही करतो. मतपत्रिकेवर आमच्यापैकी दोघांची आद्याक्षरं पडली की ती त्याच्या हातात जाते. सुप्रीम कोर्टाच्या रकान्यात दोन नावं, दोन अंडाकृती रिकाम्या खुणा, बस. पक्ष कुठेच नाही. मग एखाद्या आजी कागद घेऊन परत टेबलाशी येतात आणि हळूच विचारतात, "यातला आमचा कुठला?" मला उत्तर देता येत नाही, द्यायचंही नसतं. पण त्या प्रश्नात सगळं येतं. कागदावर निवडणूक बिनपक्षाची आणि आजींना पक्का ठाऊक की दोघांपैकी एक 'आमचा' आहे. महिनाभर घरी आलेल्या रंगीत पत्रकांनी तेच तर सांगितलेलं असतं.

2023 मध्ये जॅनेट प्रोटासिविच आणि डॅनियल केली यांच्या लढतीत पाच कोटी डॉलरच्या वर खर्च झाला, तेव्हा आम्हाला वाटलं की हा कळस. 2025 मध्ये सुझन क्रॉफर्ड विरुद्ध ब्रॅड शिमेल या लढतीत तो आकडा दहा कोटींच्या वर गेला. शिमेल यांच्यासाठी एकट्या इलॉन मस्क यांचे आणि त्यांच्या गटांचे दोन कोटींहून जास्त. मतदानाच्या दोन दिवस आधी ते ग्रीन बेला आले आणि व्यासपीठावर दोन मतदारांना दहा-दहा लाख डॉलरचे चेक दिले. दुसऱ्या बाजूला डेमोक्रॅटिक पक्षालाही बड्या धनिकांकडून मोठाल्या रकमा आल्या. कायद्याने एका व्यक्तीला उमेदवाराला थेट वीस हजार डॉलरच देता येतात, पण पक्षाला हवे तेवढे देता येतात आणि पक्ष ते उमेदवाराकडे वळवू शकतो. मग त्या वीस हजारांच्या मर्यादेला काय अर्थ उरला?

त्या वर्षी तेवीस लाखांवर लोकांनी मत दिलं आणि क्रॉफर्ड सुमारे दहा टक्क्यांनी जिंकल्या. मस्क यांचा पैसा हरला म्हणून माझ्या ओळखीतले बरेच जण खूश होते. मला तो आनंद पुरता झाला नाही, कारण आत्याने पुढचाच प्रश्न विचारला होता : "आणि उद्या तो देणगी देणारा पक्षकार म्हणून समोर आला तर?"

हा प्रश्न हवेतला नाही. त्याच वर्षीच्या जानेवारीत मस्क यांच्या टेस्ला या मोटार कंपनीने राज्यावर दावा लावला होता. मोटार कंपनीने स्वतःच्या शोरूममधून गाड्या विकू नयेत असा इथला कायदा आहे, त्याविरुद्ध. असा दावा वर चढत चढत त्याच सात जणांपुढे येऊ शकतो.

वेस्ट व्हर्जिनियात तर हे घडून गेलंय. तिथे मॅसी एनर्जी या कोळसा कंपनीविरुद्ध पाच कोटी डॉलरचा निकाल लागला. अपील व्हायच्या आधी कंपनीचे प्रमुख डॉन ब्लँकनशिप यांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवडणुकीत ब्रेंट बेंजामिन यांच्या बाजूने सुमारे तीस लाख डॉलर ओतले. बेंजामिन निवडून आले, त्या प्रकरणातून बाजूला व्हायला नकार दिला आणि निकाल कंपनीच्या बाजूने फिरला. 2009 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की इतक्या टोकाच्या परिस्थितीत न्यायमूर्तीने बाजूला व्हायलाच हवं होतं.

आणि आमच्या कोर्टाने काय केलं? पुढच्याच वर्षी, 2010 मध्ये, चार विरुद्ध तीन मतांनी नियम केला की कायद्याच्या मर्यादेत राहून घेतलेली देणगी, एवढ्या कारणासाठी न्यायमूर्तीला बाजूला व्हावं लागणार नाही. नियमाचा मसुदा उद्योजकांच्या आणि घरं-जमिनींच्या दलालांच्या संघटनांकडून आलेला, म्हणजे निवडणुकीत पैसा घालणाऱ्यांकडूनच. 2017 मध्ये चौपन्न निवृत्त न्यायाधीशांनी अर्ज केला की देणगी ठरावीक रकमेच्या वर असेल तर बाजूला होणं सक्तीचं करा. पाच विरुद्ध दोन मतांनी तो फेटाळला गेला. आयुष्य न्यायासनावर काढलेली माणसं एकत्र येऊन एवढंच मागत होती. त्याचा मला आजही राग येतो.

मग निवडणूकच नको, असं आत्याचं मत. तिथे मी तिच्याशी वाद घालते. आमच्या विधिमंडळाच्या मतदारसंघांचे नकाशे वर्षानुवर्षं असे आखलेले होते की मतं फिरली तरी बहुमत फिरत नव्हतं. 2023 ची निवडणूक प्रोटासिविच जिंकल्या आणि कोर्टाचं बहुमत बदललं, डिसेंबरमध्ये कोर्टाने ते नकाशे रद्द केले आणि 2024 मध्ये नवे आले. नकाशांमुळे विधिमंडळाची दारं बंद झालेली असताना राज्यभराचं एकेक मत सारखं मोजलं जाणारी ही निवडणूकच आमच्या हाताशी होती. शिवाय नेमणुकीच्या पद्धतीतही राजकारण घुसतंच. आयोवात समलिंगी विवाहाला मान्यता देणाऱ्या तीन न्यायमूर्तींना 2010 मध्ये 'ठेवायचं की नाही' या मतदानातच घरी पाठवलं.

तरी एका गोष्टीत आत्याचं म्हणणं मला मान्य आहे. प्रचाराने न्यायाधीशाच्या कामाचं विद्रूप चित्र उभं राहतं. लुई बटलर हे आमच्या सुप्रीम कोर्टावरचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. 2008 मध्ये मायकल गेबलमन यांनी त्यांना हरवलं. पदावर असलेला न्यायमूर्ती हरण्याची 1967 नंतरची ती पहिलीच वेळ. प्रचारात जाहिरात आली होती : बटलर यांनी सरकारी बचाव वकील असताना एका गुन्हेगारासाठी पळवाट शोधली आणि त्याने पुन्हा गुन्हा केला. खरं तर तो माणूस शिक्षा कायम राहून तुरुंगात गेला होता आणि पुढचा गुन्हा त्याने बाहेर आल्यावर केला. त्या जाहिरातीवरून झालेली तक्रार सुप्रीम कोर्टातच तीन-तीन अशी अडकली आणि विषय संपला. वकिलाने आरोपीचा बचाव करायचा नाही तर काय करायचं?

मला दोन बदल हवेत. एक म्हणजे एकदाच निवडून यायचं, एकच लांब मुदत, पुन्हा उभं राहायचं नाही. राज्याच्या वकील संघटनेच्या एका गटाने सोळा वर्षांची एकच मुदत सुचवलीही होती. पण त्यासाठी राज्यघटना बदलावी लागेल आणि ते काम वेळखाऊ आहे. दुसरा बदल बाजूला होण्याच्या नियमाचा. त्याला घटनादुरुस्ती नको, विधिमंडळ नको, गव्हर्नरची सही नको. सातपैकी चार न्यायमूर्तींनी ठरवलं की झालं. म्हणून उमेदवार जाहीर सभेला आले की मी पक्ष विचारत नाही, गर्भपात विचारत नाही. चिठ्ठीवर एवढंच लिहून देते : तुमच्या प्रचारावर लाखो डॉलर खर्च करणारा उद्या तुमच्यासमोर पक्षकार म्हणून उभा राहिला, तर तुम्ही खुर्चीवरून उठाल का, आणि तसा लेखी नियम करायला मत द्याल का? बहुतेक जण "प्रकरण बघून ठरवू" म्हणतात. तेव्हा मी चिठ्ठीवरचा प्रश्न पुन्हा वाचून दाखवायला सांगते.