वीस इंची फ्रेमचं वय

परवाच्या रविवारी जुन्या बाजारात गेलो होतो एका पान्याच्या शोधात आणि घेऊन आलो बीएमएक्सची, म्हणजे मातीतल्या रेसच्या आणि उड्यांच्या छोट्या सायकलची, वीस इंची फ्रेम. नुसती फ्रेम, चाकं नाही हँडल नाही, वरून कुणीतरी ब्रशने निळा ऑइलपेंट फासलेला. विकणारे काका म्हणाले, "ऐंशी सालची आहे, अमेरिकन, घेऊन टाका." पुढच्या नळीवर अर्धामुर्धा उरलेला स्टिकर पण त्याच काळातला वाटत होता, मग काय, घासाघीस केली, पैसे दिले आणि स्कूटरवर पायाशी उभी करून घरी आणली.

घरी येऊन आमच्या जुन्या सायकलींच्या ग्रुपवर फोटो टाकला तर आमच्यातला सगळ्यात जाणकार माणूस, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो, त्याचा लगेच मेसेज, "स्टिकर सोड रे, मागचा एक्सल बसतो ती खाच मोज आधी."

तर ही खाच, म्हणजे मागच्या चाकाचा आस फ्रेममध्ये अडकतो ती जागा, काय भानगड आहे ते सांगतो, कारण जुन्या बीएमएक्सचं वय असंच काढतात. स्टिकर नवे छापून मिळतात, रंग कुणीही मारतो, पण लोखंड बदलत नाही.

सुरुवात धरायची तर १९६३ च्या श्विन स्टिंग-रेपासून, उंच हँडल, लांब सीट, वीस इंची चाकं. दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं यावर बसून मोटोक्रॉसची, म्हणजे मातीतल्या मोटरसायकल रेसची, नक्कल करत मातीत उड्या मारायची, आणि १९७० मध्ये स्कॉट ब्रेथहॉप्ट नावाच्या पोराने लाँग बीचमध्ये रीतसर रेस लावायला सुरुवात केली. काही लोक स्टिंग-रेलाच पहिली बीएमएक्स म्हणतात, मला ते पटत नाही, ती बीएमएक्सची आजी. खरी बीएमएक्स १९७४ च्या आसपासची, साध्या फ्रेमी उड्या मारून तुटायला लागल्या म्हणून रेडलाइन, मंगूस वगैरेंनी खास रेससाठी माल काढला तेव्हाची. या काळातल्या बऱ्याच फ्रेमींना जोडाशी पत्र्याचे त्रिकोणी तुकडे वेल्ड केलेले दिसतात आणि काहींची मागची नळी चाकाच्या मागून गोल वळून येते, एकदा बघितली की विसरत नाही.

मग ओल्ड स्कूलचा भरभराटीचा काळ, साधारण १९८७ पर्यंत. क्रोमची चकाकी, नायलॉनची स्कायवे टफ व्हील, दांड्यावर पॅड. ई.टी. सिनेमातली कुवाहारा १९८२ ची. हॅरो आणि जीटीच्या फ्रीस्टाइल, म्हणजे कसरतींच्या, सायकली पण याच काळातल्या, त्यामुळे रेसवाले आणि फ्रीस्टाइलवाले हे दोन गट इथेच वेगळे होतात.

नंतर खप पडला, मोठ्या कंपन्यांनी हात आखडता घेतला आणि चालवणाऱ्या पोरांनीच स्वतःच्या कंपन्या काढल्या. एस अँड एम १९८७ ची, मॅट हॉफमनची कंपनी १९९१ ची. एक्सलच्या टोकांना लोखंडी पेग, म्हणजे आखूड नळ्या, लावून कठड्यांवरून घासत जायचं म्हणजे जुना बारीक एक्सल वाकणारच, म्हणून तो साडेनऊ मिलीमीटरवरून १४ वर गेला आणि त्याच्याबरोबर फ्रेमची खाचही. हा मिड स्कूल, जाड, जड, ओबडधोबड. बऱ्याच कलेक्टरना हा काळ आवडत नाही आणि मला त्याचंच वाईट वाटतं, कारण यातली प्रत्येक जाड पट्टी कुणीतरी आधीची फ्रेम तोडली म्हणून आलेली आहे.

२००० नंतरची ओळखायला एकदम सोपी, पेडलजवळचं पुढचं दातेरी चक्र छोटं. आधी ४४ दात पुढे आणि १६ मागे असायचे, आता २५ आणि ९, भागून बघा, गिअर जवळपास तोच, पण वजन कमी आणि चक्र कठड्यावर आपटत नाही.

फ्रेमबरोबर पार्ट्स असले तर अजून सोपं, शिमानो कंपनीच्या जुन्या पार्टवर दोन अक्षरांचा कोड असतो, पहिलं अक्षर वर्षाचं (ए म्हणजे १९७६) आणि दुसरं महिन्याचं. पण पार्ट बदललेला असू शकतो त्यामुळे एकट्या कोडवर जायचं नाही.

माझ्याकडे तर नुसतीच फ्रेम. व्हर्नियर लावून मोजलं, खाच १४ मिलीमीटर. कडा साफ, कुणी कानस मारून मोठी केलेली नाही. पुढच्या नळीवरचा रंग खरवडला तर गायरोसाठीचे आट्यांचे दोन कान निघाले, म्हणजे हँडल गरागरा फिरवलं तरी ब्रेकची केबल अडकत नाही ती सोय. दादाला फोटो पाठवला, तो म्हणाला, "नव्वदनंतरची आहे, मिड स्कूल. मस्त मिळालीये, तो निळा काढ आता."

काढतोय, रोज संध्याकाळी थोडा थोडा. या काळात ४८ आऱ्यांची चाकं पण चालायची, मला तशीच हवीत. आमच्या पेठेतल्या सायकलवाल्या काकांचा हात मागे ४० पुढे ३२ वर बसलेला, ४८ त्यांनी कधी भरल्या नाहीत, पण म्हणालेत, "तू रिम आणि हब आण रे, बघू."