सध्या काय वाचताय?

पुस्तकवेड्या माणसाशी नवी ओळख झाली की बोलणं हमखास एका प्रश्नावर येतं: 'तुमचं सगळ्यात आवडतं पुस्तक कोणतं?' या प्रश्नाशी माझं कधी जमलंच नाही. त्याचं उत्तर प्रत्येकानं वर्षानुवर्षं घासूनपुसून तयार ठेवलेलं असतं. त्यात दोनचार भारदस्त नावं असतात. ती वाचून इतका काळ लोटलेला असतो की नायकाचं नावही चटकन ओठांवर येत नाही, पण यादीतून काढायचा धीर होत नाही. शिवाय आवडतं म्हणजे कधी आवडलेलं? सोळाव्या वर्षी ज्या नायकापायी रात्रीची झोप उडाली होती, तोच चाळिशीत पुन्हा भेटला की वाटतं, याच्या बायकोनं याला सहन कसं केलं असेल!

त्यापेक्षा 'सध्या काय वाचताय?' बरं. हा प्रश्न माणसाला बेसावध गाठतो. उशाशी किंवा पिशवीत आत्ता जे आहे तेच सांगावं लागतं. मग तत्त्वज्ञानावर तासभर बोलणारे गृहस्थ जरा खाकरून म्हणतात, 'एक खुनाची गोष्ट चाललीय.' कोणी एका जाडजूड चरित्रात अडकलेलं असतं. चरित्रनायक बालपणातून बाहेर यायलाच तयार नसतो. कोणी शेवटची पन्नासेक पानं मुद्दाम मागं ठेवून पुरवून पुरवून वाचत असतं. आणि काही महाभाग एकदम चार पुस्तकांत असतात, ते एका कादंबरीतला काका दुसरीत शोधत बसतात.

अर्धवट वाचलेल्या पुस्तकाबद्दल बोलण्यात जी मजा आहे ती संपवलेल्या पुस्तकात नाही. पुस्तक संपलं की मत तयार होतं. 'छान आहे', 'शेवट गुंडाळलाय', झालं. मधल्या पानांवर मात्र नुसते संशय असतात. 'तो थोरला भाऊ खोटं बोलतोय असं मला वाटतंय,' आपण म्हणतो, आणि समोरच्यानं नेमकं ते पुस्तक आधीच वाचलेलं असतं. तो आधी विचारतो, 'कुठवर आलायस?' मग चेहरा जमेल तितका कोरा ठेवून 'वाच, वाच' एवढंच म्हणतो. त्यातलं दुसरं 'वाच' किंचित लांबतं, आणि थोरल्या भावाचं कुठंतरी पाणी मुरतंय हे आपल्याला कळून चुकतं. त्यानं एक अक्षर फोडलेलं नसतं. तरी त्या रात्री दिवा उशिरापर्यंत जळतो.

'कुठवर आलायस'चं उत्तर देणंही आता सोपं राहिलेलं नाही. माझं पान १८४ म्हणजे दुसऱ्या आवृत्तीतलं २१०. ई-पुस्तकवाली म्हणते, 'मी ४३ टक्क्यांवर आहे.' ऑडिओबुक ऐकणारा सांगतो, 'साडेपाच तास झाले.' शेवटी 'ती आगगाडीतून उतरते ना, तिथं' या खुणेवर सगळ्यांची गाठ पडते. ऐकलेलं पुस्तक वाचलेलं धरावं का, यावर लोक हिरिरीनं भांडतात. माझ्या मते धरावं. मला एखादं वाक्य डाव्या पानावर, खालच्या बाजूला होतं एवढं आठवतं. ऐकणाऱ्याला ते कुठल्या सुरात म्हटलं होतं ते आठवतं.

आता शिफारशीबद्दल. भारतीय ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तिसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. उत्साही मंडळी दुसरा सोडून थेट तिसऱ्यावर येतात. त्यांनी पुस्तकाचं वकीलपत्र घेतलेलं असतं, आणि समोर जो सापडेल तो त्याचा वाचक! 'तू वाचच' असं बजावलं जातं, पुढच्या भेटीत 'वाचलंस?' म्हणून तगादा सुरू होतो, आणि पुस्तक न उघडताच नकोसं होतं. मला कधी कोणाला पुस्तक सुचवायचं झालं तर मी विचारतो, अलीकडे कुठलं मध्येच सोडलं? आवडलेल्या पुस्तकांबद्दल माणूस थोडं शोभेसाठीही बोलतो. सोडलेल्याबद्दल मात्र खरं बोलतो. 'वर्णनंच फार', 'सगळी पात्रं लेखकासारखीच बोलतात', 'कुत्रा मरणार हे दिसायला लागलं म्हणून ठेवून दिलं'. यावरून त्याला काय द्यायचं ते बरोबर कळतं.

मध्येच सोडण्यात काही गैर नाही, हे सांगायलाही कोणीतरी लागतं. दानिएल पेनाक या फ्रेंच लेखकानं १९९२ साली वाचकाचे दहा हक्क लिहून काढले. पहिलाच हक्क न वाचण्याचा, तिसरा पुस्तक अर्धं सोडण्याचा, आणि दहावा वाचलेल्याबद्दल गप्प राहण्याचा. वाचनगप्पांत रमणाऱ्या आम्हा मंडळींना हा दहावा पचायला जड जातो.

बोलण्यावरून गाडी पुस्तक देण्याघेण्यावर येतेच. इथं मोठमोठे उदार लोक आखडता हात घेतात, आणि त्यात नवं काही नाही. जुन्या पोथ्यांच्या शेवटी पोथीच विनवणी करायची: तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. बेंजामिन फ्रँकलिन आणि त्याच्या मित्रांनी आपापली पुस्तकं एका खोलीत एकत्र ठेवून पाहिली. नीट निगा राहीना म्हणून साधारण वर्षभरात ज्यानं त्यानं आपली पुस्तकं उचलून घरी नेली. पुढं १७३१ साली फिलाडेल्फियात त्यांनी वर्गणीचं ग्रंथालय काढलं, ते टिकलं.

तरीही मी पुस्तकं देतो, थोडी स्वार्थासाठीच. कारण दिलेलं पुस्तक कधीकधी खुणा घेऊन परत येतं. पेन्सिलनं हलकेच ओढलेली रेघ चालते, शाईची नाही. ज्या वाक्यावरून मी सरळ पुढं गेलो होतो, त्याच्याखाली दुहेरी रेघ सापडते आणि मी थांबून ते पुन्हा वाचतो. एका कथासंग्रहात, मला अगदी मनापासून पटलेल्या उताऱ्याच्या समासात बारीक अक्षरात 'छे!' लिहून आलं होतं. उतारा मी पुन्हा वाचला. 'छे' बरोबर होतं. लेखक तिथं उगाच हळवा झाला होता. मैत्रिणीला फोन करून तिच्या नजरेचं कौतुक केलं, तर ती म्हणाली, 'मी कशाला लिहू तुझ्या पुस्तकात? मी तर ते वाचलंच नाही अजून. बहिणीनं नेलं, तिच्याकडून तिच्या शेजारणीकडे गेलं होतं.'

शेजारीणबाई सध्या काय वाचतायत, ते विचारून ठेवायला सांगितलं आहे.