बारेन्ट्सप्लाइनवरची पाटी

"आणि बरोबरचे बाकीचे?" आईने विचारलं.

अ‍ॅमस्टरडॅमच्या बारेन्ट्सप्लाइनवर पाटीखाली उभे होतो. विलेम बारेन्ट्स, उत्तर ध्रुवाकडे गेलेला डच दर्यावर्दी, 1597 मध्ये वारला, एवढं सांगून मी मोकळा झालो होतो.

मग सांगावं लागलं. 1596 मध्ये उत्तरेकडून चीनची वाट शोधताना रशियाच्या उत्तरेच्या नोवाया झेम्ल्या बेटांवर जहाज बर्फात अडकलं. 17 माणसं. वाहत आलेली लाकडं आणि जहाजाच्या फळ्या जोडून त्यांनी घर उभारलं. ते पुरं व्हायच्या आधी सुतारच गेला! पुढच्या जूनमध्ये उघड्या होड्यांतून परतताना बारेन्ट्सही गेला. अ‍ॅमस्टरडॅमला पोचले 12.

"सुतारच? अरे देवा," म्हणून आई बराच वेळ गप्प.

माझ्या डोक्यात मात्र त्यांचं सामान बसलंय. चीनमध्ये विकायला त्यांनी छापील चित्रांचे गठ्ठे नेले होते. थंडी-ओलीने कागद चिकटून त्यांची ढेकळं झाली. ते घर सापडलं 1871 मध्ये. चित्रं आता अ‍ॅमस्टरडॅमच्याच रिक्सम्युझियममध्ये आहेत. बर्फातल्या झोपडीत विक्रीचा माल जपून ठेवणारी माणसं! व्यापारी ते व्यापारीच.

गंमत म्हणजे त्याच 1597 च्या ऑगस्टमध्ये हाउटमन या दुसऱ्या डच दर्यावर्दीची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जावाहून परतली. लांबची वाट चालली. त्याच वाटेने पुढे, 1637 मध्ये, डचांनी आपल्या वेंगुर्ल्यात वखार घातली.

बारेन्ट्सला रस्ता सापडला असता, तर डच वेंगुर्ल्याला आले असते का?