जुनी मोटारसायकल, पाऊस आणि अंधारात दिसलेली ठिणगी

सोमवार, रात्र

आज पुन्हा तेच झाले. पाऊस सुरू होऊन जेमतेम दहा मिनिटे झाली असतील, तोच गाडीने गचके द्यायला सुरुवात केली. आधी चढावरचा पिकअप गेला, मग थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवायची मूठ, अर्ध्यापुढे पिळला की इंजिन घुसमटू लागले, आणि वळणापाशी वेग कमी केला तेव्हा ते बंदच पडले. कोरड्या दिवशी पहिल्या किकला सुरू होणारी ही एका सिलिंडरची, कार्बोरेटरची, पंचवीस वर्षांची गाडी पावसात अशी हतबल होते, तेव्हा मला तिचा राग येत नाही; आपल्याला तिचे दुखणे अजून कळलेले नाही याचे वाईट वाटते.

गेल्या महिन्यात मी कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवेचे मिश्रण करणारा भाग, दोनदा उघडला होता. पहिल्या वेळी त्यातल्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीच्या, म्हणजे फ्लोट बाऊलच्या, तळाचा स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बरणीत घेतले, तर तळाशी पाण्याचे दोन गोल थेंब स्वच्छ वेगळे दिसत होते. एक लिटर पेट्रोल साधारण पाऊण किलो भरते आणि पाणी पूर्ण एक किलो, त्यामुळे टाकीत शिरलेले पाणी खाली बसते आणि शेवटी बाऊलच्या तळाशी, म्हणजे नेमके इंजिनाला पेट्रोल सोडणाऱ्या मेन जेटच्या तोंडाशी, येऊन थांबते. ते कुठून आले हेही सापडले. टाकीच्या झाकणाचे रबर कडक झाले होते आणि झाकणाभोवती साचणारे पाणी वाहून नेणारे बारीक भोक मातीने बुजले होते. मी रबर बदलले, भोक तारेने मोकळे केले आणि रोग सापडला अशी माझी खात्री झाली. दोष खरा होता, पण गाडी बंद पाडणारा दोष तो नव्हता. त्यानंतर प्रत्येक पावसानंतर बाऊल तपासला. पाण्याचा एक थेंबही मिळाला नाही, तरीही गाडी बंद पडतच राहिली.

मंगळवार

आज गाडीला हात लावला नाही, फक्त जुन्या नोंदी वाचत बसले. त्यांतल्या दोन गोष्टींकडे मी आजवर पुरेसे लक्ष दिले नव्हते.

पहिली गोष्ट अशी की बंद पडलेली गाडी आडोशाला वीस मिनिटे उभी केली की गरम इंजिनाच्या उष्णतेने कुठेतरी काहीतरी सुकते आणि ती पुन्हा सुरू होते. बाऊलमध्ये साचलेले पाणी असे सुकून जात नाही. दुसरी गोष्ट म्हणजे त्रास नेहमी भार पडला की आधी जाणवतो. थ्रॉटल जास्त उघडल्यावर सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरते, दाब वाढतो आणि त्या दाबात मिश्रण पेटवणाऱ्या स्पार्क प्लगच्या फटीतून ठिणगी उडवायला अधिक व्होल्टेज लागते. ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलमधून येणारे हे व्होल्टेज काही हजारांच्या घरात असते, आणि प्लगची फट ओलांडण्यापेक्षा सोपी वाट मिळाली तर ते त्याच वाटेने जाते. वायर-जोडांवरच्या कडक झालेल्या रबराच्या चिरेत साचलेले पाणी म्हणजे अशीच सोपी वाट. म्हणजे महिनाभर मी पेट्रोलच्या मागे लागले होते आणि शोधायला हवी होती ती वीज.

याच संदर्भात आणखी एक चूक नोंदवून ठेवते. मागे एकदा मी ओल हटवणारा स्प्रे वायर, कॉइल, स्विच अशा सगळ्यांवर एकदमच मारला होता. गाडी दोन दिवस उत्तम चालली, पण कोणत्या भागाने सुधारणा केली हे कळण्याचा मार्गच मी बंद करून टाकला. आता एका वेळी एकच भाग.

बुधवार, रात्र

गाडी उघड्या अंगणात मधल्या स्टँडवर लावली, पेट्रोल कुठे झिरपत नाही ना हे आधी पाहिले, दिवे मालवले आणि इंजिन आयडलवर, म्हणजे मूठ न पिळता, चालू ठेवले. हातात कपड्यांवर पाणी फवारायची बाटली होती. इंजिन चालू असताना प्लगच्या वायरीला हात लागता कामा नये, म्हणून हातभर अंतर राखले.

आधी कॉइलवर फवारा मारला. इंजिनाच्या आवाजात काहीच फरक पडला नाही. मग हँडलवरच्या, इंजिन बंद करायच्या किल स्विचवर मारला, तिथेही काही नाही. वायरीच्या मधल्या भागावरही नाही. मग वायर प्लगला जोडणाऱ्या प्लग कॅपवर अगदी हलका तुषार गेला, आणि कॅपच्या खालच्या कडेपासून सिलिंडर हेडच्या, इंजिन थंड ठेवणाऱ्या पहिल्या पात्यापर्यंत निळसर, दोऱ्याएवढी बारीक ठिणगी सरसर नाचू लागली. प्रत्येक ठिणगीबरोबर 'टिक' असा कोरडा आवाज येत होता, आणि त्याच तालावर इंजिन अडखळत होते. फवारा थांबवला, अर्ध्या मिनिटात ठिणगी विझली आणि आवाज पुन्हा सरळ झाला. मी हे तीन वेळा करून पाहिले, आणि तीनही वेळा ठिणगी त्याच जागी दिसली. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

गुरुवार

कॅप काढून भिंगाखाली पाहिली. बाहेरून ती धडधाकट दिसते, पण खालची रबरी कड वाकवल्यावर केसाएवढी चीर उघडते आणि तिच्या आत पेन्सिलीने ओढावी तशी काळी रेघ आहे. ठिणगी वारंवार एकाच वाटेने गेली की तिथला पृष्ठभाग जळून कार्बन उरतो आणि कार्बनमधून वीज वाहते, म्हणून ती वाट दर वेळी आणखी सोपी होत जाते. कॅपवर तिचा विजेला होणारा रोध पाच किलोओहम असा छापलेला आहे, पण मल्टिमीटरवर एकोणीस आले, आणि कॅप हलवली की आकडाही हलत होता. म्हणजे ती आतूनही संपली होती.

वायरीच्या टोकाची तांब्याची तार हिरवी पडली होती. सहा मिलिमीटर कापून स्वच्छ तार उघडी केली. ही वायर कॉइलमध्येच पक्की बसवलेली आहे, त्यामुळे दर वेळी थोडी थोडी कापत राहणे परवडणार नाही, हे पुढच्यासाठी लक्षात ठेवायचे. नवी कॅप फिरवून घट्ट बसवली, तिच्या दोन्ही टोकांच्या रबरात सिलिकॉन ग्रीस आतून बोटाने पसरले, आणि दुसरे काहीही न बदलता रात्री पुन्हा तीच अंधाराची परीक्षा घेतली. बाटली जवळजवळ रिकामी होईपर्यंत फवारले तरी एकही ठिणगी बाहेर आली नाही.

त्यानंतरच प्लगकडे वळले. झिजून त्याची फट 0.9 मिलिमीटर झाली होती. गाडीच्या पुस्तिकेत 0.7 सांगितली आहे. रुंद फटीला जास्त व्होल्टेज लागते, म्हणजे विजेला चिरेच्या वाटेने ढकलण्यात या प्लगचाही वाटा होताच. नवा प्लग फट मोजून बसवला.

रविवार

दुपारी जोरदार पाऊस आला आणि मी मुद्दाम बाहेर पडले. चाळीस मिनिटे चालवली. त्याच चढावर तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण उघडला, तर गाडी एकदाही न अडखळता वर गेली. हेल्मेटच्या काचेवर पाणी धावत होते आणि खाली इंजिनाचा एकसारखा ठोका ऐकू येत होता. चढ संपल्यावरही मी बराच वेळ फक्त तो ऐकत होते.

परत आल्यावर आयडलला ती किंचित जड वाटली, म्हणून एअर फिल्टरचा डबा उघडला. कागदी फिल्टरचा मागचा कोपरा ओला आहे आणि झाकणाची रबरी पट्टी तेवढ्याच जागी तुटली आहे. ओला कागद हवा अडवतो आणि मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते, त्यामुळे हा जडपणा तिथलाच असावा असा माझा अंदाज आहे. फिल्टर सुकायला ठेवला आहे. उद्या फक्त पट्टी बदलणार आहे, बाकी कशालाही हात लावायचा नाही.